बाबांच्या आवाजाचं कार्ड

भंगाराच्या दुकानात तिने त्या जुन्या कॉम्प्युटरला हात घातला, तेव्हा त्याच्या दुसऱ्या टोकाला आधीच एक हात होता.

लांब बोटांचा, नखं नीट कापलेला, आणि नखांच्या कडेला कसली तरी गुलाबी पूड बसलेला. तिने वर पाहिलं. चष्म्याआडून एक शांत, जरासा थकलेला चेहरा तिच्याकडे पाहत होता.

"मी आधी धरलाय," ती म्हणाली.

"मी आधी पाहिलाय," तो म्हणाला, आणि लगेच वरमला. "पण... तुम्ही बघा. मला फक्त त्याची मागची बाजू बघायचीय."

तिला नवल वाटलं. असली यंत्रं घ्यायला येणारे पुढून बघतात. अक्षरं शाबूत आहेत का, पडदा फुटलाय का. मागच्या फटीत डोकावणारं माणूस तिला स्वतःशिवाय आजवर दुसरं भेटलं नव्हतं. दोघांनी मिळून तो जड डबा फिरवला. फट रिकामी होती. आत नुसती धूळ आणि कोळ्याचं एक जुनं जाळं.

"कार्ड नाही," दोघंही एकदमच म्हणाले.

तिला हसू येणार होतं. पण त्याचा चेहरा असा उतरला, की हसू ओठांवरच राहिलं.

"तुम्हाला कशाला हवं होतं?" त्याने विचारलं.

"त्याच्यावरून नवीन बनवायला. तुम्हाला?"

त्याने हातांवरची धूळ झटकली. "वडिलांना बोलता यावं म्हणून."

मग त्या दुकानात, गंजलेल्या पंख्यांच्या ढिगाला टेकून, त्याने तिला सगळं सांगितलं. त्याचे वडील शाळेत इतिहास शिकवायचे. तो लहान असताना त्यांच्या घशाचं मोठं ऑपरेशन झालं आणि आवाज गेला तो गेलाच. तेव्हा कुणीतरी त्यांना एक कॉम्प्युटर आणि त्याला जोडायचा एक बोलणारा डबा मिळवून दिला. टाइप केलं की डबा बोलायचा. कॉम्प्युटर आणि डबा यांना जोडणारं ते पॅरलल कार्ड गेल्या महिन्यात विजेच्या झटक्याने जळलं, आणि तेव्हापासून घर मुकं होतं.

"आता फोनवरसुद्धा बोलणारे आवाज मिळतात," ती हळूच म्हणाली. "अगदी माणसासारखे."

"आणला होता. बाबांनी ऐकला, आणि पाटीवर लिहिलं, 'हा कोण?'"

तिने त्या रिकाम्या फटीतली धूळ बोटाने पुसली.

"जळलेलं कार्ड आहे ना? टाकून नाही ना दिलं?" तिने शेवटी विचारलं. "मग घेऊन या माझ्याकडे. करून बघू."

दिवसभर ती एका लिफ्टच्या कारखान्यात दुरुस्ती विभागात काम करायची. उरलेल्या वेळात घराच्या मागच्या खोलीत, आता कुणीच बनवत नाही अशी जुनी कार्डं पुन्हा बनवायची. दादा त्याला खूळ म्हणायचा. वहिनी म्हणायची, "या घरात माणसांपेक्षा कॉम्प्युटर जास्त, आणि एकही मेला भांडी घासत नाही."

रविवारी तो आला तो हातात एक छोटी डबी घेऊन. झाकण उघडलं, तर आत कापसाच्या गादीवर ते काळवंडलेलं कार्ड नीट निजवलेलं.

"ही डबी कसली?"

"कवळीची."

तिने डोळे मोठे केले.

"मी दातांच्या लॅबमध्ये काम करतो," तो घाईने म्हणाला. "कवळ्या बनवतो. ही कोरी आहे... न वापरलेली."

त्या नखांतल्या गुलाबी पुडीचा उलगडा तिला आत्ता झाला, आणि ती हसली. नेहमीच्या सवयीने तोंडावर हात ठेवून.

"हात कशाला ठेवता?"

"एक दात वाकडा आहे."

"डावा सुळा," तो म्हणाला. "दुकानातच दिसला होता. मी दिवसभर एकसारखे सरळ दात बनवतो. त्या सगळ्यांत असा एकही नाही..." आणि आपण काय बोलून गेलो हे कळून तो कार्डाकडे बघत बसला. कानाच्या पाळ्या मात्र लाल झाल्या होत्या.

वहिनीने त्या दिवसापासून त्याचं नाव ठेवलं कवळीवाला.

काम किचकट होतं. कार्डाचा नकाशा कुठेही मिळत नव्हता, तेव्हा जळक्या कार्डावरची तांब्याची एकेक रेघ शोधून काढायची होती. ती मीटरची एक सुई एका टोकाला टेकवायची, तो दुसरी सुई दुसऱ्या टोकाला. जोड असला की मीटर बारीक शीळ घालायचा. त्याचा हात अजिबात हलत नसे. कार्ड तळहाताएवढं, त्यामुळे डोकी जवळ यायची... कधी तिच्या केसांची बट त्याच्या चष्म्यावर, कधी त्याचा श्वास तिच्या मनगटावर. मग दोघंही उगाच मागे सरायची आणि नेमका कुठवर आलो होतो तो आकडा विसरायची.

"हे कार्ड करतं तरी काय?" एकदा त्याने विचारलं.

"कॉम्प्युटरकडून एक अक्षर डब्याकडे पोचवतं. डबा म्हणतो, थांब, माझं अजून चाललंय. मग कॉम्प्युटर थांबतो. डब्याने 'हं' म्हटलं, की पुढचं अक्षर."

"आणि नाही थांबला तर?"

"मग सगळे एकदम बोलणार. कुणाचं कुणाला कळणार नाही."

"आमच्या लॅबमधली जेवणाची सुट्टी," तो म्हणाला.

ती पुन्हा हसली. या वेळी हात अर्ध्यावरच थांबला आणि खाली आला. त्याने ते पाहिलं, आणि पाहिल्याचं दाखवलं नाही.

हळूहळू तिला त्या घराविषयी बरंच कळत गेलं. डब्याला 'ळ' म्हणता येत नसे, म्हणून वडील मुलाला 'बाळ' म्हणायला जात आणि डबा म्हणे 'बाल'. शाळेतली मुलं त्याच्या घरी यायला घाबरत, आणि एकदा आली की जायचं नाव काढत नसत. परीक्षेत नापास झाला तेव्हा त्या डब्याने त्याला अशी खरमरीत बोलणी ऐकवली होती, की शेजारच्या काकू मध्ये पडल्या. सांगता सांगता तो हसायचा, आणि हसता हसता गप्प व्हायचा.

"डॉक्टर म्हणतात, हृदय फार थकलंय," एका रविवारी तो म्हणाला. "म्हणून... घाई करा असं म्हणत नाही मी. पण..."

"कळलं," ती म्हणाली. त्या दिवशी ती जेवायला उठली नाही. वहिनीने ताट खोलीत आणून ठेवलं, आणि एकदाही टोमणा मारला नाही.

नकाशा पूर्ण झाला. कोरी कार्डं बनून आली, हिरवीगार, कडेला सोनेरी दात असलेली. तिने जुन्या जातीच्या चिपा हुडकून एकेक जागी बसवल्या, सोल्डर केल्या, आणि कार्ड घेऊन पहिल्यांदाच त्यांच्या घरी गेली.

त्याचे वडील, इतिहासाचे सर, कॉम्प्युटरसमोर तयार बसले होते. इस्त्रीचा शर्ट, भांग पाडलेला, गळ्याभोवती मऊ रुमाल. तिने कार्ड फटीत सरकवलं. यंत्र सुरू झालं. सरांनी दोन्ही हातांची बोटं कीबोर्डवर ठेवली आणि सावकाश एक ओळ टाइप केली.

डब्यातून नुसती खरखर आली. मग अक्षरांचा चुराडा, एकावर एक सांडलेला... आणि शांतता.

सरांनी पुन्हा टाइप केलं. पुन्हा तेच.

तिला वर बघवेना. सरांनी पाटी ओढली, लिहिलं, आणि तिच्यापुढे धरली. 'घाई नाही.' तो तिला बस थांब्यापर्यंत सोडायला आला. बस आली तेव्हा एवढंच म्हणाला, "तुम्ही रडू नका. मग मला पण..." आणि वाक्य तसंच राहिलं.

चूक तिला त्याच रात्री सापडली. जळक्या भागाखाली, काजळी खरवडून काढल्यावर, केसाएवढी बारीक एक रेघ दिसली. तिथे काहीच नसेल असं ती धरून चालली होती. 'थांब' सांगणारी रेघ तीच होती. तिने नव्या कार्डावर पाठीमागून एक बारीक वायर जोडली, कारखान्यात उशीर होईल म्हणून कळवलं, आणि सकाळीच त्यांच्या दारात उभी राहिली. सर नुकतेच अंघोळ करून आले होते. या वेळी कुणी नीटनेटकं होऊन बसलं नव्हतं, कुणी आशाही धरली नव्हती.

सरांनी टाइप केलं. डबा क्षणभर घुटमळला, आणि मग सपाट, जाड, कुठल्याच माणसाचा नसलेला एक आवाज घरभर घुमला.

"तीन महिने भाजीत मीठ जास्त होतं."

तो दाराच्या चौकटीला धरून उभा होता. खांदे हलायला लागले. हसतोय की रडतोय ते तिला कळेना, आणि बहुधा त्यालाही कळत नसावं.

त्यानंतर ती दर रविवारी जाऊ लागली. आधी वायरच्या जागी पक्कं कार्ड बसवायला, मग ते नीट चालतंय का बघायला, आणि मग कुणी कारण विचारेना म्हणून. सर तिला जुन्या राजांच्या भानगडी सांगायचे. डबा एकाच सुरात खून आणि लग्नं सांगत जायचा, आणि ती पोट धरून हसायची.

एकदा तो आत चहा करत होता. सरांनी तिच्याकडे पाहिलं, मग कीबोर्डकडे.

"याचा गला चांगला आहे," डबा म्हणाला. "तरी बोलत नाही."

आवाज कमी करायची कळ त्या डब्याला होती, पण सरांनी ती वापरल्याचं कुणाला आठवत नव्हतं. स्वयंपाकघरात कप बशीवर आपटला. ती कानापर्यंत लाल झाली.

"मलाही कुठे घाई आहे, सर," ती पुटपुटली.

सरांनी पुन्हा कीबोर्डवर बोटं ठेवली.

"मला आहे," डबा म्हणाला.

चहा आला. तिघंही तो प्यायली. तो तिच्याकडे बघत नव्हता आणि ती त्याच्याकडे, पण त्या दिवशी बस थांब्यापर्यंतची वाट दोघं फार सावकाश चालली.

थंडी सरत आली, तेव्हा सर एका दुपारी झोपेतच गेले.

ती अंत्यदर्शनाला गेली होती. बायकांच्या घोळक्यात मागे उभी होती. तो सगळ्यांना हात जोडत होता. तिच्यासमोर आला, आणि इतरांना केला तसाच, अगदी तेवढाच नमस्कार करून पुढे गेला. त्या नमस्काराने तिला जे झालं ते तिने कुणाला सांगितलं नाही.

पुढचा रविवार आला आणि गेला. त्याच्या पुढचाही. तो आला नाही, त्याचा फोन नाही. कार्डासाठी भेटत होतो, ती मनाशी म्हणायची, कार्डाचं काम संपलं. खोलीत ती सुया घेऊन बसायची आणि दोन सुया आणि पेन्सिल एकटीला एकदम धरता येत नाहीत म्हणून चिडायची.

एका संध्याकाळी वहिनी खोलीच्या दारात येऊन उभी राहिली. "त्याने यायला हवं, हे खरं. पण ज्याच्या घरातलं माणूस गेलंय, त्याच्याशी हिशोबाने वागायचं नसतं."

"जाऊन काय सांगू?"

"ते मला काय विचारतेस? लग्नाला इतकी वर्षं झाली, मी तुझ्या दादाला अजून काही सांगितलेलं नाही." वहिनी जाता जाता म्हणाली, "नीट साडी नेस, एवढंच सांगते."

तिने साडी नेसली नाही. रोजच्याच कपड्यांत गेली. पिशवीत मात्र एक जास्तीचं कार्ड टाकलं. दार उघडल्यावर काहीतरी हातात असावं म्हणून.

त्याने दार उघडलं. दाढी वाढलेली, डोळ्यांखाली काळं. मागे खोलीत सरांचं कपाट उघडं होतं. पलंगावर शर्टांचा ढीग पडला होता, आणि एकाचीही घडी झालेली नव्हती.

"दुसऱ्या एकांना असंच कार्ड हवंय," ती म्हणाली. "तुमच्या यंत्रावर तपासून बघावं म्हणून..."

"या ना. बघा."

ती आत आली, पण यंत्राकडे गेली नाही. पिशवी खाली ठेवली.

"खोटं बोलले मी," ती म्हणाली. "कुणाला कार्ड नकोय. तुम्हाला बघायला आले."

तो खाली बसला. शर्टांच्या शेजारी, पलंगाच्या कडेवर.

"मी रोज ठरवायचो," तो म्हणाला. "आज जाऊ. पण इथे बाबा गेलेत... आणि मला दिवसातून दहादा तुमची आठवण येते, आणि आली की बरं वाटतं. इतकं बरं वाटणं शोभतं का, तेच कळेना. त्या दिवशी तुमच्याकडे नीट बघितलंही नाही. बघितलं असतं तर सगळ्यांसमोर तुमच्या खांद्यावर डोकं ठेवलं असतं."

ती त्याच्या शेजारी बसली. ढिगातला वरचा शर्ट उचलला, बाह्या सरळ केल्या, आणि घडी घालायला लागली. शर्टाला अजून सरांच्या अंगाचा, साबणाचा आणि औषधाचा वास होता. त्याने दुसरा उचलला. तो त्याच्या हातात तसाच राहिला, आणि मग इतक्या दिवसांत पहिल्यांदाच तो मोकळेपणाने रडला. तिने त्याचं डोकं आपल्या खांद्यावर ओढून घेतलं. 'गप्प राहा' म्हटलं नाही, 'होतं असं' म्हटलं नाही... नुसती बसून राहिली.

खिडकीतलं ऊन भिंतीवरून सरकत कपाटापर्यंत गेलं. पलंगावर घड्यांची एक छोटी चळत उभी राहिली.

"थांबशील?" त्याने विचारलं.

ती त्या 'शील'पाशी क्षणभर अडली. "जेवायला?"

"जेवायलाही."

तिने हातातली घडी पूर्ण केली, चळतीवर ठेवली, आणि पिशवीतून फोन काढून घरी लावला.

"वहिनी, मी इथेच जेवते."

पलीकडे कुकरची शिट्टी झाली.

"बरं," वहिनी म्हणाली. "तुझ्या दादाला मी सांगते."