कड्यावरची इर्जिक

वाडीची विहीर आटली होती आणि सरकारी टँकर त्याच्या मर्जीनं येत होता. त्र्याहत्तरच्या चैत्रात पाटण खोऱ्यातल्या त्या वाडीला एकच आशा उरली होती, डोंगरमाथ्यावरचा झरा. कोयनेच्या भूकंपात एक भलीमोठी शिळा त्याच्या तोंडावर येऊन बसली आणि तेव्हापासून ओढा कोरडा पडला. ती शिळा हलवून पाणी खाली सोडायचं, यासाठी ही मोहीम निघाली होती!

मोहिमेचे पुढारी लालासाहेब. सोसायटीचे चेअरमन असल्यामुळे पुढे उभं राहण्याची त्यांना सवय होती. त्यांच्या मागे तिघं : मेंढरांमागे डोंगर तुडवलेला आडदांड बिराप्पा, कामात कुणाला न हटणारी मनुबाई, आणि अर्जुना. अर्जुनाला राग लवकर यायचा आणि उशिरा जायचा.

"गड्यांनो, ही इर्जिक हाय!" पायथ्याशी लालासाहेब म्हणाले. "आता माझं-तुझं न्हाई. पाणी एकत्र, भाकरी एकत्र!"

इर्जिक म्हटल्यावर बोलणंच खुंटलं. एकाच्या रानात साऱ्या गावानं नांगर घेऊन उतरायचं, मजुरीचं नाव काढायचं नाही. आणि ज्यानं बोलावलं, त्यानं नांगराचं पहिलं तास धरायचं, शेवटचा घास खायचा. तिघांनी आपापलं पाणी बिराप्पाच्या कॅनव्हासच्या छागलीत ओतलं. लालासाहेबांच्या गळ्यातला थर्मास गळ्यातच राहिला.

"काढा हाय ह्यात. डॉक्टरनं दिलाय," ते म्हणाले.

उन्हानं डोंगर करपला होता. वाळलेलं गवत पायाखाली चुरचुरत होतं, काळ्या कातळातून भट्टीसारखी धग येत होती, आणि करवंदीच्या जाळ्या अंगावरच्या कापडांचा हिशेब घेतल्याशिवाय वाट देत नव्हत्या. पहिल्या टप्प्यावर अर्जुना एका जाळीमागे गेला, तर तिथं लालासाहेब काढा पीत होते. काढ्याला लिंबाचा वास येत होता. काढ्यात बर्फ खुळखुळत होता!

अर्जुनाचं टाळकं सरकलं. इर्जिकीला बोलावून हा माणूस जाळीमागं सरबत ढोसतो! पण चेअरमनला बोलायचं कसं? त्यानं एवढंच केलं, जेवताना निम्म्या भाकरी फडक्यातच ठेवल्या. मनुबाईनं त्या फडक्याकडे पाहिलं आणि आपली शेंगा-गुळाची पुरचुंडी कमरेला पुन्हा खोचली. बिराप्पानं दोघांकडे पाहिलं.

"ही छागल काय माझ्या एकट्याच्या लग्नात आलीया?" तो म्हणाला. "घ्या की कुनीतरी."

"मला पहारी हायत," अर्जुना म्हणाला.

"मला दोर हाय," मनुबाई म्हणाली.

"मला जबाबदारी हाय," लालासाहेब म्हणाले.

बिराप्पानं छागल खडकावर आदळली. ती सगळ्यांची होती, म्हणून कुणीच धरली नाही. ती कलंडली. घसरली. गडगडत दरीत गेली!

"बेशिस्त!" लालासाहेब म्हणाले. थर्मासवरचा त्यांचा हात मात्र हलला नाही.

पुढे कडा उभा होता. वर झरा, खाली तहानलेली वाडी, आणि मध्ये चार माणसं एकमेकांची तोंडं बघत.

"आधी कोन चढतंय?" बिराप्पानं लालासाहेबांना विचारलं.

"मी खालनं लक्ष ठेवतो."

मग कुणीच हलेना. शेवटी मनुबाईनं कासोटा आवळला, खांद्यावरच्या घोंगड्यावर दोर टाकला आणि कपारीत बोटं घातली. तिला एकटीला चढताना बघून अर्जुनाला स्वतःच्या पायांची लाज वाटली. तो मागोमाग चढला. माथ्यावर दोर बांधायला झाड नाही की झुडूप नाही. दोघांनी तो कमरेला वेढून टाचा रोवल्या, आणि पाठीला पहारी बांधून बिराप्पा दोरावर लोंबकळला.

खाली लालासाहेबांनी लक्ष ठेवता ठेवता सिगारेट पेटवली.

कपारीत आग्या मोहोळ होतं. धूर वर गेला. मोहोळ हललं. उठलं!

पहिली माशी अर्जुनाच्या कानाला डसली. मग मानेला. मग कुठंकुठं ते कळेना! बिराप्पा अधांतरी किंचाळत होता. सोड दोर! पळ! अर्जुनाचं मन म्हणालं. चेअरमनला थर्मास सोडवत नाही, मग मीच का मरू? अर्जुनाची मूठ सैल झाली.

तेवढ्यात त्याच्या अंगावर घोंगडं पडलं. मनुबाईनं आपल्या खांद्यावरचं फेकलं होतं. आता तिचं तोंड उघडं होतं, त्यावर माशा बसल्या होत्या, आणि दोर तिच्या मुठीत तसाच ताठ होता.

"वढ की रं मुडद्या!"

अर्जुनानं ओढलं. तळव्यांची साल निघाली, तरी ओढलं! बिराप्पा वर आला आणि तिघं त्या एका घोंगड्याखाली पालथे पडले.

माशा पांगल्या तेव्हा मनुबाईचा एक डोळा सुजून मिटला होता. तिनं पुरचुंडी सोडून बिराप्पापुढे धरली. मग अर्जुनाच्या फडक्यातून भाकरी निघाल्या. बिराप्पाच्या पटक्यातून कांदा निघाला. तो कधी लपवला होता, हे कुणी विचारलं नाही.

"अरं, मला वर घ्या की!" खालून लालासाहेबांचा आवाज आला. माशांना चुकवायला ते करवंदीत शिरले होते.

"ऱ्हाऊ दे तिथंच!" अर्जुना भडकला. "ठेवू दे लक्ष!"

"तिघांच्यानं शिळा हलायची न्हाई," मनुबाई म्हणाली. "वढ त्यास्नी."

लालासाहेब ओरबाडलेल्या अंगानं वर आले. मनुबाईचं तोंड त्यांनी पाहिलं, आणि भाषण न करता थर्मास उघडून तिच्यापुढे धरला. त्यात बर्फ उरला नव्हता. चौघांच्या वाट्याला एकेक घोट आला. शेवटचा लालासाहेबांनी घेतला.

"पयली पहार कोन लावतंय?" मनुबाईनं विचारलं.

"आक्का, मी लावतो," लालासाहेब म्हणाले.

ऊन कलेपर्यंत चौघं भिडले होते. जोर लावा! अजून! शिळा कुरकुरली, डुलली आणि बाजूला लोळली! आधी चिखल उसळला, मग गढूळ पाणी, आणि ते खळखळत ओढ्याकडे धावलं.

उतरताना चेअरमनला ऐकवायच्या म्हणून अर्जुनानं काही शेलक्या शिव्या जुळवून ठेवल्या होत्या. लालासाहेबांचे सोललेले तळवे बघून त्या त्याला गिळाव्या लागल्या. आणि त्या दिवसभरात त्याला सगळ्यात जास्त राग आला, तो याचाच!