लांब हातांचा भुंगेरा

साहेब, त्यांना त्या दरडीवर तुम्ही धाडलंत. स्वतःच्या रानातलं लाकूड तोडलं म्हणून म्हाताऱ्या तियांगला कोंडलंत, आणि रुंद शेपटीचं फुलपाखरू जिवंत आणा, बाप घेऊन जा, असं त्याच्या पोरांना सांगितलंत. ते फुलपाखरू ज्या झाडांवर अंडी घालतं ती झाडं कुणी तोडून नेली, हे मात्र सांगितलं नाहीत!

शेवटचं झाड दरडीच्या काठावर उरलं होतं. तियांगची थोरली लेक सावी, तिचा भाऊ हायसुल आणि उमास काका निघाले, तोच डावीकडून पाखरू ओरडलं. डोंगरातल्या बुनुन जमातीचा माणूस असा अपशकुन झाला की एरवी तिथूनच माघारी वळतो.

"फिरायचं का?" काकाने विचारलं.

"बाबाला बाहेर काढलं की फिरू," म्हणत सावी पुढे झाली.

धुक्यात भिजत, गार रताळी चावत ते झाडापाशी पोचले. ढोलीच्या तोंडाशी एक हिरवट काळा भुंगेरा होता, पुढचे हात अंगाहून लांब. काकाने ओढलं. साल निघाली, भुंगेरा सुटला नाही.

"सावे, तुला सोडून गेलेल्या नवऱ्यासारखाच दिसतो," काका म्हणाला. " पण हा धरलेलं सोडत नाही."

"आणि फुलपाखराला नुसतं बोट लागलं की पंख फाटतो," सावी म्हणाली. भुंगेरा तिने सदऱ्यावर बसवला. तो तिथेच चिकटला.

हायसुल कमरेला दोर बांधून वर चढला. जाळं टाकलं. फुलपाखरू सापडलं! त्याने ते अलगद बांबूच्या नळीत सोडलं.

तेवढ्यात माती सरकली. झाड कलंडलं. दोर तुटला! एका हाताने मूळ धरून हायसुल लोंबकळला. दुसऱ्या हातात नळी.

सावी काठावर पालथी पडली, काकाने तिचे पाय धरले.

"नळी टाक. हात दे."

"ताई, यात बाबा आहे."

"मूळ उपटतंय, गाढवा! या भुंगेऱ्यासारखं धर, दोन्ही हातांनी!"

नळी खाली गेली. खडकावर फुटल्याचा आवाज आला. हायसुल वर आला, खांदा निखळलेला, बापाला हाक मारत रडणारा.

फुलपाखराच्या बदल्यात त्यांनी तुमच्यासमोर भुंगेरा ठेवला. "असला कुरूप किडा कोण बघणार?" म्हणालात, आणि जिवंतपणीच त्याच्या पाठीत टाचणी खुपसलीत. त्याच्या लांब हातांनी खालचा पुठ्ठा घट्ट धरला. पुठ्ठा तुम्ही कपाटात ठेवलात, कुलूप लावलंत.

सावी अजून तुमच्या दारात उभी आहे. किडा ठेवून घेतलात ना, साहेब? मग तिचा बाप कुठे आहे?