बोडका मोर

एसटीत प्रफुल्लच्या शेजारी बसलेल्या मुलीच्या मांडीवर टोपली होती, टोपलीवर ओढणी होती, आणि ओढणीखालून कोणीतरी बारीक आवाजात कुरकुरत होतं.

"कोंबडीचं पिल्लू हाय का?" त्यानं विचारलं.

"मोर."

त्यानं वाकून पाहिलं. पाठीवर पीस नाही, कातडी सोललेली, आणि डोक्यावर तेवढा तुरा ऐटीत उभा. "हा... मोर?"

"तुमाले नाचून दाखवन काय तो?"

मागच्या बाया हसल्या. प्रफुल्लचे कान तापले. खरी फजिती तर पुढं होती. दोघं एकाच थांब्यावर उतरले, एकाच वाटेनं चालले, आणि जनावरांच्या ज्या दवाखान्यापुढं ती थांबली, त्याचं कुलूप त्यानंच उघडलं. कोरपन्याहून बदलून आलेला नवा पशुधन पर्यवेक्षक तोच!

मुलीचं नाव रंजीता. गवत कापताना तिच्या गावकऱ्यांना लांडोरीची अंडी सापडली होती. लांडोर परत फिरकली नाही, तेव्हा गावाच्या रीतीनं अंडी उबवायला बसलेल्या खुडूक कोंबडीखाली ठेवली. पिल्लं निघाली, तशी वनखात्यानं नेऊन आपल्या लाकूड डेपोच्या शेडमध्ये ठेवली आणि सांभाळायला रोजीवर रंजीताला लावलं. आता पिल्लं एकमेकांची पिसं उपटत होती. हे थांबलं नाही तर सगळ्यांना शहरातल्या पिंजऱ्यात धाडू, असं वनपाल साहेब म्हणाले होते. आणि पिंजऱ्यात गेलेला मोर रानात परत येत नाही, हे रंजीताला कोणी सांगायची गरज नव्हती.

उपटलेल्या जागी तिनं हळद-चुन्याचा लेप लावला होता. तो पाहून प्रफुल्ल थोडा थांबला... मग म्हणाला, चांगला आहे. ती पहिल्यांदाच हसली. तो दिवसभर त्या हसण्यातच होता.

मग तो रोज सायकलनं डेपोत येऊ लागला. शेडमधली जागा वाढवली, डोळ्यावर येणारा बल्ब काढला, लोळायला राखेचा खड्डा केला. रंजीता वारुळाची ढेकळं आणायची, पिल्लं त्यातली उधई, म्हणजे वाळवी, मटामट टिपायची. एकमेकांना टोचणंही कमी झालं. पण टोपलीतल्या त्या बोडक्याचा पिच्छा काही सुटेना. पाठ पुन्हा रक्ताळली, त्यानं खाणं सोडलं.

एका सकाळी रंजीता लेप कालवून जाळीशी बसली, तर एका पिल्लानं येऊन तिच्या बोटालाच चोच मारली. पुन्हा मारली. बोटावर लेप होता — चुना पडून लालभडक झालेला.

दोघंही त्या बोटाकडे पाहत राहिले.

"लाल दिसलं का टोचतेत हे," प्रफुल्ल हळूच म्हणाला. "मले... पहिल्याच दिवशी शंका आली होती."

"मंग काऊन नाई सांगितलं?"

"तुमी हसल्या ना."

"माह्या हसण्यापायी माहा मोर मरन काय?"

ती उठून गेली. बोडक्याला तिनं वेगळ्या टोपलीत घेतलं. प्रफुल्ल त्याच पावली गडचिरोलीला गेला, निळं औषध घेऊन परतला आणि बोडक्याच्या पाठीला लावू लागला. ती पाहत होती. त्याच्या हाताला निळं, शर्टाला निळं, नाकालाही निळं. हसू दाबताना तिच्याच ओठांची पंचाईत झाली.

निळ्या पाठीकडे पिल्लांनी मान वाकडी करून पाहिलं, आणि ती उधईकडे वळली. बोडका खाऊ लागला. पुढं धान पिवळं पडेस्तोवर त्याच्या पाठीवर काळसर खुंट फुटले, खुंटांतून पिसं उलगडली. साहेब आले, जाळीशी बराच वेळ उभे राहिले आणि म्हणाले, राहू द्या इथीच, आपल्याच रानात सोडू.

जीप वळली तशी रंजीता तिथंच मातीत बसली. हसत होती की रडत होती, तिचं तिलाच कळेना. प्रफुल्लही शेजारी बसला.

"मंग... उद्यापासून दवाईचं काम नाई," तो म्हणाला.

"नाई."

"म्हंजे माहं येनं..."

"बिनकामाचे येत जा."

"गावातले काय म्हनतीन?"

रंजीतानं ओढणीच्या टोकाला गाठ मारली, सोडली. "आमच्या गावात बिनकामाचा एकच मानूस येते. जावई."

वाऱ्यावर कापायला आलेल्या धानाचा वास येत होता.

"घरी बाबा कधी असतेत?" त्यानं विचारलं.