चौथा म्हणून उचललेला खडा

घड्याळं एक तास मागे गेली की इथे संध्याकाळ चहाच्या वेळेलाच येऊन बसते. त्यात १९८६ साली दिवाळी आणि हॅलोविन नेमके एकाच आठवड्यात आले. त्या शुक्रवारी आमच्या ओहायोतल्या डब्लिनच्या टाउनहाउसच्या दारात एकीकडे आकाशकंदील होता, दुसरीकडे दात विचकणारा भोपळा. कँडी मागायला येणारी मुलं दोघांकडेही सारख्याच आदराने बघत होती.

हेमचंद्रकाका आणि सरलाकाकू फराळाला आले होते. काका आमच्या नात्यातले कुणी नाहीत, पण बासष्ट साली नागपूरहून ओहायोत आलेल्या इंजिनियरला इथे सगळ्यांचंच काका व्हावं लागतं. मी त्यांना बोलावलं होतं ते काही चकल्यांसाठी नाही. माझा नवरा गिरीश दुसऱ्या दिवशी सकाळी एक सेकंडहँड स्पोर्ट्स बाइक बघायला जाणार होता. सीझन संपला की लोक बाइक स्वस्तात काढून टाकतात, असं त्याचं म्हणणं. आमची रुपाली आठ महिन्यांची आहे, असं माझं म्हणणं. पण माझ्या म्हणण्याला घरात फारसं वजन नाही. बाळ श्वास घेतंय ना हे बघायला जी बाई रात्रीतून चारदा उठते, तिने बाइक धोक्याची आहे म्हटलं तर ते कोण मनावर घेणार? मी तर मायक्रोवेव्हलाही भिते.

काका तरुणपणी नागपुरात मोटरसायकल उडवायचे. ते गिरीशला चार शब्द सुनावतील अशी माझी आशा होती. त्यांनी चकलीचा तुकडा मोडला आणि शिकवायलाच घेतलं.

"आधी फोन कर. म्हणावं, मी येईपर्यंत इंजिन सुरू करू नका. गेल्या गेल्या हात लावून बघ, गार पाहिजे. गरम असलं तर समज, थंडीत उठायला कुरकुरते म्हणून ह्यांनी आधीच उठवून ठेवलीय."

"आणि काका, पडलेली आहे की नाही ते?"

"हँडलची टोकं बघ. ब्रेकच्या लिव्हरची टोकं बघ. फुटरेस्टची कड बघ. टाकीला कितीही रंग मारू दे, जमिनीला घासलेली टोकं लपत नाहीत."

मी शेवेची बशी जरा जोरात ठेवली. काकांनी माझ्याकडे पाहिलं. हातातला चकलीचा तुकडा त्यांनी परत बशीत ठेवला.

"हे सगळं कुमारनेही बघितलं होतं," ते म्हणाले.

"नको ना हो आज," काकू म्हणाल्या. "उद्या लक्ष्मीपूजन."

"उद्या तो बघायला जाणार. मग सांगायचं कधी?" काका गिरीशकडे वळले. "तो बाहेरचा दिवा बंद कर बरं. नाहीतर पोरं बेल वाजवत राहतील."

गिरीशने दिवा बंद केला. भोपळ्यातली मेणबत्ती तेवढी राहिली.

"कुमार माझ्या प्लँटमध्ये इन्स्पेक्टर होता," काका सांगू लागले. "आम्ही पंप बनवायचो. त्याने पास केलेला पंप कधी परत आला नाही. टोमॅटो घेतानासुद्धा देठ हुंगून बघणारा माणूस. त्र्याऐंशी साली त्याच्या डोक्यात बाइक शिरली. पेपरात जाहिरात होती. जपानी, लाल, स्पोर्ट्स. सप्टेंबरात, लेबर डेनंतरचा शनिवार होता तो. संध्याकाळी तिघं निघाले. कुमार, त्याचा चुलतभाऊ श्रीराम, आणि राजीव म्हणून ऑफिसातला एक जण. मोटार राजीवची. कुमारची बायको पद्मजा दारात आली नि तिने बघितलं, तिघं. म्हणाली, नव्या गाडीच्या कामाला तिघं कसे जाता? चौथा घ्या बरोबर."

"चौथा कोण?" गिरीशने विचारलं.

"सुपारी," मी म्हणाले. "नाहीतर खडा. तिघांनी शुभ कामाला निघू नये. निघावंच लागलं तर खिशात सुपारी किंवा खडा टाकायचा, तो चौथा माणूस. परत आल्यावर घरात शिरायच्या आधी बाहेर ठेवून द्यायचा." मायक्रोबायॉलॉजीत एम.एस्सी. केलेल्या बाईने इतकं पटकन उत्तर द्यायला नको होतं, पण आईने लहानपणी शिकवलेलं जिभेवरच असतं.

"बरोब्बर," काका म्हणाले. "तर घरातली सुपारी संपलेली. अपार्टमेंटच्या बाहेर लॉन आणि काँक्रीट. ह्या देशात खडासुद्धा सहज मिळत नाही. कुमार म्हणाला, वाटेत उचलतो. शहर संपलं, मक्याची शेतं संपली, टेकड्या लागल्या. गुराढोरांच्या एका पांढऱ्या बार्नला वळसा घालून रस्ता एकदम डावीकडे वळतो. तिथे कडेला खडी होती. राजीवने गाडी थांबवली. कुमार उतरला आणि एक खडा उचलून आणला. करडा, सुपारीएवढा, आणि मधून एक बारीक पांढरी रेघ. जानवं घातल्यासारखी. श्रीराम म्हणाला, अरे, ह्या चौथ्याची तर मुंजही झालीय. हसले सगळे. कुमारला आणखी चेव चढला. त्याने मागचं दार उघडलं, कमरेत वाकला आणि म्हणाला, या, बसा. चला आमच्याबरोबर."

काका थांबले.

"तोंडाने म्हणाला तो. या, बसा."

रुपाली माझ्या मांडीवर झोपेत हलली. मी तिच्या पाठीवर हात ठेवला.

"विकणारा गोरा मुलगा, बावीस-तेवीसचा. गॅरेजमध्ये चादरीखाली बाइक. कुमारने इंजिनला हात लावला, गार. टाकीत टॉर्च मारला, गंज नाही. पुढचं चाक उचलून हँडल इकडून तिकडे फिरवलं, लोण्यासारखं. एका किकमध्ये सुरू, धूर नाही. आणि टोकं... एक ओरखडा नाही रे. हँडलला नाही, लिव्हरला नाही. बाइक जन्मात आडवी झालेली नव्हती. फक्त मागच्या माणसाचे फुटरेस्ट काढलेले. जागी नुसती दोन भोकं. मुलगा म्हणाला, खोक्यात आहेत, देतो. मग त्याने विचारलं, मागे कुणाला बसवणार आहेस का? कुमार म्हणाला, बायकोला, कधीमधी. मुलगा जमिनीकडे बघत राहिला. म्हणाला, आय नेव्हर वेंट डाउन. मी कधीच पडलो नाही. कुमारला वाटलं, गाडीची गॅरंटी देतोय. व्यवहार झाला. फुटरेस्टचं खोकं राजीवच्या गाडीत टाकलं. खडा कुमारच्या जॅकेटच्या खिशात."

"निघेपर्यंत अंधार पडलेला," काका पुढे सांगू लागले. "चंद्राची कोर होती तीही मावळली. पुढे कुमार बाइकवर, मागे मोटारीत श्रीराम नि राजीव. हे मला श्रीरामने स्वतः सांगितलंय, माझ्या किचनमध्ये बसून. बार्नच्या वळणापर्यंत बाइक झकास चालली. वळण पार झालं... आणि ती जड झाली."

"जड म्हणजे?" गिरीशचा आवाज बारीक झाला होता.

"पुढून हलकी, मागून जड. कुमारला वाटलं, मागच्या टायरची हवा कमी असेल. पुढचं वळण आलं. तो डावीकडे कलला. बाइक कलेना. जराशाने कलली. तू मागे नवख्या माणसाला बसवलंयस कधी? वळण आलं की ते घाबरून उलट बाजूला झुकतं. तसं."

काकूंनी फराळाचं ताट बाजूला सरकवलं.

"मोटारीतून ह्यांना दिसत होतं. हेडलाइटच्या उजेडात. बाइकची मागची बाजू खाली बसलेली. राजीव म्हणाला, कुमारचं वजन वाढलंय का रे? श्रीराम हसला नाही. सीटवर तर एकटाच कुमार दिसत होता."

"स्टॉप साइन आला. कुमारने ब्रेक मारला. आणि मागून... हेल्मेटवर... टक."

काकांनी दोन बोटांची पेरं एकमेकांवर हलकेच आपटली.

"मागच्याचं हेल्मेट पुढच्याच्या हेल्मेटला लागतं ना ब्रेक मारल्यावर. तेवढंच. टक. त्याने मागे बघितलं नाही. निघाला. पुढचा स्टॉप साइन. अगदी हळू ब्रेक मारला. तरी... टक."

"मग जॅकेट ओढल्यासारखं झालं. दोन्ही बाजूंनी. घट्ट. जसं पडू नये म्हणून धरतात. उजव्या खिशापाशी जास्त."

"खडा..." मी म्हणाले.

काकांनी मान हलवली.

"घरी पोचला. हात हँडलवरून सुटेनात. पद्मजा भाकरतुकडा घेऊन दारात उभी. तिला ह्यातलं काहीच माहीत नव्हतं. ती त्याच्या खांद्यावरून मागे बघत होती. म्हणाली, अहो, बसवलंत ते बसवलंत, पाय ठेवायला तरी काही द्यायचं. लोंबकळत होते बिचारीचे. गेल्या कुठे त्या?"

काकूंनी पदर खांद्यावर ओढून घेतला. भोपळ्यातली मेणबत्ती केव्हा विझली होती कोण जाणे.

"त्याच रात्री ते तिघं मोटार घेऊन परत गेले. त्या वळणावर खडा होता तिथे ठेवला. तेव्हा दिसलं. रस्त्याच्या दुसऱ्या बाजूला गवतात एक छोटा पांढरा क्रॉस. प्लास्टिकची फुलं. मुलीचं नाव. सकाळी कुमारने त्या पोराला फोन लावला. पोरगा एवढंच म्हणाला, मी पडलो नाही, सांगितलं होतं तुला."

"म्हणजे ती मागे..."

"वळणावर उडाली ती. बाइक उभीच राहिली. ओरखडा येणार कुठून? बाइक घेताना माणूस सगळं तपासतो रे गिरीश, पण पुढे बसून तपासतो."

"त्या बाइकचं काय झालं, काका?"

"विकली पुढच्या आठवड्यात. कुणी नेली, माहीत नाही. फुटरेस्टचं खोकं मात्र द्यायचं राहिलं. अजून कुमारच्या बेसमेंटमध्ये आहे."

मग काकूंनी करंज्यांच्या सारणाचा विषय काढला, जरा जास्तच उत्साहाने.

रात्री गिरीश म्हणाला, "काका भारी रंगवून सांगतात, यार." मग बराच वेळ कूस बदलत राहिला. मी रुपालीचा श्वास बघायला उठले, तेव्हा तोही जागाच होता.

सकाळी मी म्हणाले, "मीपण येते." घरी बसून काळजी करण्यापेक्षा तिथे जाऊन केलेली बरी. आणि मी गेले म्हणजे रुपाली आलीच. सँडल घालताना लक्षात आलं, आपण तिघं. मी पूजेच्या ताटातली एक सुपारी गुपचूप पर्समध्ये टाकली. गिरीशने बघितलं असावं. हसला नाही.

ऊन स्वच्छ होतं. टेकड्या नाहीत, बार्न नाही, वीस मिनिटांवरचं साधं सबर्ब. वाटेत आम्ही कुठेही थांबलो नाही. विकणारा चाळिशीतला, शाळेत गणित शिकवणारा, बोलका. बाइक निळी. माझा जीव भांड्यात पडला. गिरीशने इंजिनला हात लावला, गार. टाकीत टॉर्च, हँडलची टोकं, लिव्हर. त्याचा चेहरा उजळत गेला. "एक ओरखडा नाही गं," तो मला म्हणाला.

मला बाइकमधलं काही कळत नाही. मी रुपालीची कार सीट खाली ठेवली आणि जिथे मला बसावं लागलं असतं तेवढंच बघितलं. सीटखाली, मागच्या बाजूला, नुसती दोन भोकं होती. त्यांच्या वर रंगाचा पापुद्रा सुटला होता. खालून लाल दिसत होतं.

"पाय कुठे ठेवायचे?" मी विचारलं.

गिरीश वाकला. बघितलं. टाकीवरचा हात त्याने काढून घेतला.

"दे वेर मिसिंग व्हेन आय गॉट इट," मास्तर म्हणाले. मग रुपालीकडे बघून हसले. "यू प्लॅनिंग टू कॅरी समबडी?"

"वी विल थिंक अबाउट इट," गिरीश म्हणाला, आणि आम्ही निघालो.

परतताना घराच्या वळणावर तो म्हणाला, "आपण स्टेशन वॅगनच बघू या." जिंकले होते मी. इतके महिने ज्यासाठी डोकं खाल्लं ते मिळालं, तर आनंद व्हायला हवा होता. गाडी थांबली. मी पर्समध्ये हात घातला. सुपारी होती. ती काढून पायरीच्या कडेला, विझलेल्या भोपळ्याशेजारी ठेवली आणि मागचं दार उघडलं.

रुपाली जागी होती. रडत नव्हती. शेजारच्या रिकाम्या सीटकडे बघत होती. उजवी मूठ घट्ट मिटलेली. मुठीत आलेलं सगळं तिच्या तोंडात जातं, म्हणून मी ती सोडवायला लागले. एकेक बोट.

करडा. सुपारीएवढा.

मधून एक बारीक पांढरी रेघ.

गिरीशने घराचं दार उघडून धरलं होतं. आत संध्याकाळसाठी मांडलेल्या पणत्या होत्या, उंबऱ्याशी रांगोळी.

"थंडी आहे," तो म्हणाला. "या ना आत."