बंद लाइनीचा पत्ता

शिवांजली पोरी, तू त्या बाकावर बस. गाडी एक तास लेट म्हणालेत, म्हणजे दीड धरून चाला. कैवल्य, तू पण बस की. मगापासनं बॅग छातीशी धरून उभा राहिलास. येडशीच्या स्टेशनात रात्री अकराला तुझी बॅग पळवायला कोण येतंय?

पुण्यात नोकरी लागली, लई बरं झालं. काम काय म्हणालास? कंपनीच्या सर्व्हरवर बाहेरनं कोण घुसायला बघतंय ते हुडकायचं, त्याचा पत्ता बंद करायचा आणि वर तक्रार टाकायची. व्हय, मला कळतं त्यातलं थोडं. हसू नको. छत्तीस वर्षं टेलिफोनात लाइनमन होता तुझा हा गोरोबाकाका. तुमचं इंटरनेट आमच्याच खांबांवरनं गावात आलंय. तुझंच काम करणारा एकजण माझ्या ओळखीचा होता. गाडी येईस्तोवर त्याचं सांगतो.

त्याचं नाव शिवपुत्र. हुशार, कामाला वाघ, पण स्वभावानं संशयी. चहात साखर कमी पडली तरी ती कुणीतरी मुद्दाम कमी घातली, असं त्याला वाटायचं. नळदुर्गला हायवेच्या कडंला एका ट्रस्टची रक्तपेढी होती, तिथला सर्व्हर तो सांभाळायचा. आसपासचे दवाखाने, प्रसूतिगृहं रक्त लागलं की त्या सर्व्हरवर लॉगिन करून मागणी टाकायचे. मागणी आली की काउंटरवर बेल वाजायची आणि गाडी सुटायची. अशी सगळी सोय त्यानंच लावली होती.

आता असल्या सर्व्हरवर जगभरचे चोर रात्रंदिवस पासवर्ड आजमावत असतात, हे तुला मी काय सांगायचं? तीनदा चुकला की त्या पत्त्याला, म्हणजे त्या लाइनीच्या आकड्याला, दार बंद. रोज सकाळी शिवपुत्र तांदळातले खडे वेचावेत तसे ते पत्ते वेचायचा. मग चोरांचे पत्ते जाहीर करणाऱ्या एका वेबसाइटवर टाकायचा आणि ज्या कंपनीची लाइन असंल तिला मेल ठोकायचा, की तुमचं गिऱ्हाईक चोर हाय, लाइन तोडा. दिवसाला दोन-तीनशे पत्ते. कुणी भेटलं की आधी आकडा सांगायचा, मग तब्येत विचारायचा.

तर दोन हजार पंचवीसच्या जानेवारीत, नऊ तारखेला, गुरुवारी सकाळी त्याचा मला फोन आला. मी तवा लोहाऱ्याला राहायचो.

"काका, एक काम हुतं. सास्तूरच्या पुढं एक प्रसूतिगृह हाय. तिथली इंटरनेटची लाइन चालू हाय का बंद, तेवढं बघून येता का?"

म्हटलं, "कंपनीला विचार की."

"कंपनी बंद म्हणती. माझा विश्वास न्हाय. रात्रीचं कोणतरी वापरतंय ती."

मी रिकामाच होतो. पक्कड पिशवीत टाकली, मोटरसायकल काढली आणि निघालो. तुरी काढायचे दिवस. रस्त्यावर तुरीच्या गाड्या, ऊन कोवळं, मला तर सहलीला निघाल्यावाणी वाटत होतं. सास्तूरच्या पुढं दोन किलोमीटरवर ते प्रसूतिगृह सापडलं. दोन खोल्या आणि एक ओटा. दाराला कुलूप. खांबावरनं आलेली वायर भिंतीपाशी कापलेली, टोक लोंबकळतंय. इंटरनेटचा डबा काढून नेलेला, भिंतीत नुसती स्क्रूची भोकं. लाइटीचा मीटर पण काढलेला. मी खांबावर चढून बघितलं, तिथं पण जोड सोडलेला. लाइन मेलेली होती, ह्यात काही शंका न्हाय.

शेजारच्या घरापुढं हरणाबाई नावाची म्हातारी तूर झोडपत होती. तिला विचारलं, दवाखाना कधीपासनं बंद हाय?

"बाळंतीण गेली तवापासनं. डाक्टरीण बाई दार लावून लातूरला गेल्या, परत आल्या न्हायत."

"रात्रीचं कोण येतं का इथं?"

तिनं काठी खाली ठेवली. माझ्याकडं बघितलं. मग परत तूर झोडपायला लागली.

सांजेला मी नळदुर्गला गेलो. शिवपुत्र वरच्या खोलीत सर्व्हरपाशी बसला होता. दाढी वाढलेली, डोळे आत गेलेले. मी सांगितलं, वायर कापलीय, डबा न्हाय, मीटर न्हाय.

"मग हे काय हाय?" असं म्हणून त्यानं स्क्रीन माझ्याकडं फिरवली.

ओळीखाली ओळ. सगळ्या ओळींत एकच पत्ता, शेवटी एकशे सतरा असलेला. त्या प्रसूतिगृहाचा. रोज रात्री दोन चाळीसला पहिली धडक, तीन वीसला शेवटची. मोजून एकोणीस. दार बंदच असल्यामुळं आत काही येत नव्हतं, नुसती ठोठावल्याची नोंद. एक रात्र चुकलेली न्हाय. आणि हे सुरू कधीपासनं? लाइन कापली त्याच्या दुसऱ्या रात्रीपासनं.

"कंपनीनं लिहून दिलंय काका, हा पत्ता सध्या कुणालाच दिलेला न्हाय. पण माझ्या ध्यानात आलंय सगळं. ही राजेश्वरीची करामत हाय. तिथं सिस्टर हुती. नोकरी गेली तिची, त्याचा राग काढतीया माझ्यावर. कुणाकडनं तरी युक्ती करून घेतली आसंल."

सायबर पोलिसांना द्यायची तक्रार त्यानं टाइप करून ठेवली होती. दुसऱ्या दिवशी सकाळी धाराशिवला जाऊन द्यायची. वर राजेश्वरीचं पूर्ण नाव, गाव, फोन नंबर. अठ्ठावीस वर्षांची बाई, पदरात दोन लेकरं. एकदा पोलिसात नाव गेलं की तिला दुसऱ्या कुठल्या दवाखान्यात कोण उभं करणार होतं?

मी विचारलं, "तिची नोकरी कशानं गेली?"

त्यानं स्क्रीन परत आपल्याकडं फिरवली.

"शिवपुत्र, मी दिवसभर तुझ्या कामाला हिंडलोय. कशानं गेली?"

मग त्यानं सांगितलं. माझ्याकडं न बघता, स्क्रीनकडं बघत.

अठ्ठावीस नोव्हेंबरची रात्र. तो पण गुरुवारच. शिवरंजनी नावाची तेवीस वर्षांची पोर बाळंत झाली. बाळ एकदा रडलं आणि दवाखान्याच्या कागदावर पावलाचा ठसा घ्यायच्या आधीच गेलं. पोरीचं रक्त थांबंना. बी निगेटिव्ह रक्त पाहिजे, दोन पिशव्या. राजेश्वरी कामाला नवी, तिनं घाईत पासवर्ड तीनदा चुकवला. दार बंद झालं. तिनं रक्तपेढीत फोन लावला. रात्रपाळीचा माणूस म्हणाला, मागणी कॉम्प्युटरवर टाका, त्याशिवाय गाडी हलत न्हाय. हा नियम कुणाचा? शिवपुत्रचाच. मागं कुणीतरी खोटा फोन करून गाडी फुकट पळायला लावली होती, तवापासनं फोनवर विश्वासच ठेवायचा न्हाय असं त्यानं ठरवून टाकलं होतं. ती बिचारी चाळीस मिनिटं त्या बंद दारावर धडका मारत राहिली. एकोणीस वेळा. शेवटी घरच्यांनी पोरीला जीपमध्ये घातलं. हायवे लागायच्या आतच ती गेली.

आणि सकाळी ह्या गड्यानं काय केलं? यादीत एकोणीस धडका दिसल्या. कुणाचा पत्ता, काय, काही बघितलं न्हाय. बाकीच्या तीनशे पत्त्यांबरोबर त्यालाही चोर म्हणून टाकला आणि मेल ठोकला. कंपनीनं चार दिवसांत लाइन कापली.

ट्रस्टनं चौकशी केली तोवर त्याला सगळं कळलं होतं. पण त्यानं एवढंच सांगितलं, की सिस्टरनं पासवर्ड चुकवला. खोटं न्हाय सांगितलं. निम्मं खरं सांगितलं. लातूरला डाक्टरीण बाईंना तसं पत्र गेलं आणि त्यांनी राजेश्वरीला काढलं.

माझं डोकंच फिरलं. मी म्हटलं, "अरे, दार तू लावलंस. चोर तू म्हणालास. नोकरी तिची गेली. आणि आता पोलिसात पण तिलाच देतोस?"

"मग हे रोज रात्री कोण येतंय, काका?"

कैवल्य, मला त्याचा राग पण आला आणि कीव पण आली. सव्वा महिना तो गडी झोपला नव्हता. मी म्हटलं, आधी खरं काय ते लिहून ट्रस्टच्या अध्यक्षांना पाठीव. मग एक रात्र ते दार उघडं ठेव. कोण येतंय ते तरी कळंल. एवढं बोलून मी उठलो. पाठीमागं न बघता गाडीला किक मारली आणि लोहाऱ्याला आलो.

पुढचं मला शिवपुत्रनं सांगितलं. त्याच्यासंगं गुरुप्रसाद होता, रक्तपेढीचा टेक्निशियन, कामाला लागून आठच दिवस झालेला. दोघांचं मी वेगवेगळं ऐकलं. शब्दाला शब्द जुळला.

रात्री एक पन्नासला शिवपुत्रनं अध्यक्षांना पत्र पाठवलं. नियम माझा, दार मी लावलं, सिस्टरची चूक न्हाय. राजेश्वरीवरची तक्रार पुसून टाकली.

दोन तीसला त्यानं एकशे सतराचं दार उघडलं.

खाली हायवेवर ट्रकांची ये-जा चालू होती. मग ती पण थांबली.

दोन एकोणचाळीस...

दोन चाळीस.

ह्यावेळी धडक न्हाय. एकच ओळ आली. लॉगिन झालं. पहिल्याच वेळी. पासवर्ड चुकला न्हाय...

खाली काउंटरवर बेल वाजली.

शिवपुत्र जिना उतरून धावत खाली आला. गुरुप्रसाद स्क्रीन वाचत होता. त्याला बिचाऱ्याला मागचं काही ठाऊक न्हाय. मागणी कॉम्प्युटरवर आली, म्हणजे द्यायची. त्यानं फ्रिजमधनं दोन पिशव्या काढल्या. बर्फाच्या डब्यात ठेवल्या. डबा सील केला. रजिस्टरला ओळ भरली आणि डबा रजिस्टरपाशी काउंटरवर ठेवला.

"सर, पेशंट शिवरंजनी. सास्तूरच्या पुढचं प्रसूतिगृह. गाडी सोडू ना?"

शिवपुत्रनं नुसती मान डोलावली.

दोघं बाहेर गेटापाशी गेले. ड्रायव्हरनं गाडी चालू केली. पत्ता ऐकला... आणि गाडी बंद केली.

"ते बंद हाय की वो. दीड महिना झाला. कुणाला नेऊन देऊ?"

दोन मिनिटं... लई तर तीन. तिघं पण गेटात. आत माणूस नव्हतं. आत जायला दुसरी वाट नव्हती. गेटावर कॅमेरा होता, तो आम्ही नंतर चारदा बघितला. कोण आलं न्हाय. कोण गेलं न्हाय.

मग दोघं आत आले. आणि गुरुप्रसाद ओरडला.

मी सकाळी सव्वाआठला पोचलो. अध्यक्षांचा फोन येऊन गेला होता, राजेश्वरीला रक्तपेढीतच कामाला घ्यायचं ठरलं होतं. शिवपुत्र पायरीवर बसून रडत होता, लहान लेकरावाणी. मी त्याच्या डोक्यावर हात ठेवला आणि आत गेलो.

डबा काउंटरवर जागच्या जागी होता. सील शाबूत. दोन्ही पिशव्या आत. कोण घेऊन गेलं नव्हतं.

गुरुप्रसादनं रजिस्टर माझ्यापुढं सरकवलं. रात्रीची ओळ. वेळ दोन चाळीस... बी निगेटिव्ह... दोन पिशव्या... आणि शेवटचा रकाना. मिळाल्याची सही.

तिथं सही नव्हती... अंगठा पण नव्हता.

निळ्या शाईत एक पाऊल होतं. नुकत्याच जन्मलेल्या लेकराचं. माझ्या मधल्या बोटाएवढं. टाच, आणि पाची बोटं वेगवेगळी उठलेली.

मी त्याला बोट लावून बघितलं. शाई अजून ओली होती.