चांदनीच्या हौदातला फेस

"सरक ना बे दीपे! मले स्क्रीन दिसून नाही राह्यली!"

अंजुमने कोपराने ढकललं आणि दीपमालाचा चेहरा खर्रकन उतरला. चार दिवसांपूर्वीपर्यंत ही आपली जिवाभावाची मैत्रीण! दिवाळीच्या सुट्टीत आपला मामेभाऊ ऋत्विक पुण्याहून मोताळ्याला काय आला, हिला त्याच्या नव्या हायब्रिड कॅमेऱ्याशिवाय काही सुचेना.

"एकाच कॅमेऱ्यात फोटो आणि व्हिडिओ!" ऋत्विक ऐटीत म्हणाला. "तुझा ठोकळा फक्त फोटोच काढतो ना?"

दीपमालाने गळ्यातला बाबांचा जुना डिजिटल कॅमेरा दोन्ही हातांनी झाकून घेतला.

पण भांडायला वेळ कुठे होता? अंजुमची शेळी चांदनी कालपासून पडून होती. पोटात विष गेलंय, असं गुरांचे डॉक्टर म्हणाले. गुरांच्या हौदात पांढरा फेस तरंगत होता, तर मोठी माणसं म्हणे, "साबण असंल कोणाचा!" चांदनीची करडं त्याच हौदावर पाणी प्यायची. म्हणून तिघं भर उन्हात कडब्याच्या गंजीमागे दबा धरून बसले होते.

"आला!" अंजुम कुजबुजली.

तोंडाला दुपट्टा बांधलेला एक माणूस आला. त्याने पाठीवरचा फवारणीचा पंप सरळ हौदात उपडा केला! इतक्यात ऋत्विकची स्क्रीन काळी झाली.

"तापला! किती वेळ व्हिडिओ चालू होता ना... बंद पडला!"

दीपमालाच्या मनात लाडू फुटला. बरी जिरली! पण अंजुमचे डोळे भरून आले होते. दीपमालाला स्वतःचीच लाज वाटली. तेवढ्यात त्या माणसाने घाम पुसायला दुपट्टा सोडला.

खटक्! दीपमालाने बटण दाबलं.

शेजारचे शंकरराव!

संध्याकाळी पारावर शंकररावांनी फोटो पाहून हात झटकले. "मी त पंपात पाणी भरून राह्यलो होतो!"

एव्हाना ऋत्विकचा कॅमेरा थंड झाला होता. व्हिडिओत पंपातलं पांढरं पाणी हौदात पडताना दिसलं.

"पण तोंड कुठं दिसते? कोणी बी असंल!"

ऋत्विकने चित्र थांबवून मोठं केलं, तर सगळंच धूसर! तरी खिशावरचं लाल ठिगळ दिसत होतं.

"काका, हे ठिगळ माह्या फोटोतबी हाय," दीपमाला म्हणाली. "अन् तुमच्या अंगावरबी!"

शंकररावांनी मान खाली घातली. "पंप धुऊन तेच पाणी ओतत होतो. वास गेला म्हंजे फवाऱ्याची दवाई गेली, असं वाटलं मले. माहे बैलबी तिथंच पाणी पेतात ना पोरी!" त्यांनी लगेच हौद रिकामा केला आणि पोरांना सोबत घेऊन घासायला घेतला.

चांदनीने चारा तोंडात धरला, तेव्हा गुरांच्या डॉक्टरांनी तिघांची पाठ थोपटली. दीपमालाची आई बेबीताई म्हणाली, "शाब्बास रे लेकरांनो! पण त्या हौदाले हात लावले ना? आधी साबणानं धुवा!"

हात धुताना ऋत्विक हळूच म्हणाला, "मी फोटो काढायला गेलो असतो, तर व्हिडिओ हुकला असता. तुझा फोटो कसला स्वच्छ आलाय! उद्या देशील मला तो ठोकळा?"

चार दिवस आपल्या पोटात जे जळत होतं, तेच दीपमालाला त्याच्या डोळ्यांत दिसलं. ती खुदकन हसली.

"देईन की! पण आधी तुहा इकडं आण!"