आईच्या खोलीपर्यंत वायर

दार त्याने उघडलं. हातात ओला टॉवेल, गालावर शाईचा डाग. माझ्या खांद्यावरचं वायरचं भेंडोळं दिसलं आणि त्याचा चेहराच पडला.

"वायर नको हं... वायरलेसवरच जमवा काहीतरी."

"आधी आत तर येऊ द्या! वायर चावत नाही."

तो हसला नाही. मी इंटरनेट कंपनीची तंत्रज्ञ, तक्रार घेऊन आले होते. तो घरी बसून पुस्तकांची मुद्रितं तपासणारा. आतल्या खोलीत त्याची आई पडून होती. नाकात एक नळी, हाताला एक, पांघरुणाखालून पिशवीत उतरणारी तिसरी. समोर टीव्हीवर मालिकेतली बाई तोंड उघडून गोठली होती.

"राउटर बाहेरच्या खोलीत," मी हळूच म्हटलं, "मध्ये तीन भिंती. टीव्हीच्या डबीपर्यंत सिग्नल यायचा कसा? वायर जोडली की चित्र अडकणार नाही."

"या खोलीत आणखी एक नळी मला बघवणार नाही," तो पुटपुटला.

मी राउटर पॅसेजमध्ये आणला, उंच ठेवला, फिरवून पाहिला. बाई दोन वाक्यं बोलली... पुन्हा गोठली.

"ओढ गं वायर," आईच म्हणाल्या. "त्याचं काय ऐकतेस? मला शेवट बघायचाय. सहा बुधवार राहिलेत."

मी भिंतीच्या कडेने, पलंगामागून, कुठेही दिसणार नाही अशी वायर नेली. तो क्लिपा हातात देत होता. बोटांना बोटं लागली की दोघंही उगाचच भिंतीकडे बघायचो.

"शाई लागलीय," मी गालाकडे खूण केली.

"दिवसभर लोकांच्या चुका शोधतो... आपल्याच दिसत नाहीत."

चित्र सरळ चालू लागलं. "बुधवारी ये गं, वायरवाली," आई म्हणाल्या. बुधवारी माझी सुट्टी. मी गेले. पुढच्याही गेले. आई मालिका बघायच्या. आम्ही दोघं पलंगाच्या दोन बाजूंना बसून एकमेकांकडे न बघण्याचा प्रयत्न करायचो. दर बुधवारी आईंचा आवाज थोडा आणखी बारीक झालेला असायचा. पाचव्या बुधवारी मालिकेत कोण बोलतंय तेही त्यांना कळेना.

सहाव्या बुधवारी त्या नव्हत्या. सोमवारीच गेल्या.

मी गेले तेव्हा पलंग उघडा होता, गादीही नव्हती. तो जमिनीवर बसला होता.

"मला कळवायचं नाही?"

"धीर झाला नाही." बराच वेळ तो नखाने फरशी खरवडत राहिला. "एक सांगू?... आई रोज थोडी थोडी जात होती, आणि मी बुधवारची वाट बघत होतो. मंगळवारी दाढी करायचो. तिला कण्हताना ऐकत... आरशात बघत. कसला मुलगा म्हणायचा मी?"

"मीही," मी म्हटलं. "त्यांची तब्येत विचारत आत यायचे, आणि नजर तुझ्याकडे असायची."

पहिल्यांदाच मी त्याला 'तू' म्हटलं होतं. त्याने वर पाहिलं. डोळे सुजलेले, दाढी वाढलेली.

"तू आलीस तरी आत्ता मला आनंद नाही होणार गं," तो म्हणाला. "आत्ता नाही..."

"नको होऊ दे."

मी त्याच्या शेजारी फरशीवर बसले. अंधार पडला तरी आमच्यापैकी कोणीही दिवा लावायला उठलं नाही.